जुळलेलं उत्तर

“किती आलं?” वर्दे सरांनी दारातूनच विचारलं. बाहेर त्यांच्या मोटारीचं इंजिन चालूच होतं. त्यांना नाशिक गाठायचं होतं. वाट वाकडी करून ते शेणव्याच्या या घरापर्यंत आले होते.

नामदेवने गणिताचा कागद पुढे ओढला. सरांच्या हाताखाली वर्षभर खपून त्याने कार्बन डायसल्फाइड या द्रवाचा रामन वर्णपट, म्हणजे द्रवाने विखुरलेल्या प्रकाशाच्या रेषा, फोटोच्या काचेवर उतरवला होता. त्यात एक फिकट रेषा होती. रेणूच्या सममितीचा नियम पाहिला तर तिथे रेषा उमटूच नये. सर म्हणत, काचेवरचा डाग आहे. नामदेव म्हणे, द्रवात शेजारचे रेणू धक्के देतात, सममिती जराशी मोडते, म्हणून रेषा उमटते. “मग तिची तीव्रता गणिताने काढून दाखव,” सरांनी बजावलं होतं. निघाली तर मुंबईच्या प्रयोगशाळेत जागा. शून्य आली तर वर्ष पाण्यात आणि परत भाताची लावणी.

सरांची अट एकच. गणित दोघांनी करायचं, एकमेकांचं न बघता. शेणव्यात दुसरं गणिती डोकं म्हणजे नामदेवची बहीण सरू, शाळेतली मास्तरीण. सात आकडी लॉगचं पुस्तक एकच होतं, ते नामदेवने घेतलं. सरूने शाळेतल्या चार आकडी लॉगच्या कोष्टकावर भागवलं.

“मुख्य रेषेच्या शून्य दशांश शून्य शून्य तीन एक सात चार दोन पट,” नामदेव घाईघाईने बोलून गेला.

“आणि तुझं?” सर सरूकडे वळले.

सरू भावाच्या ओढलेल्या चेहऱ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, “माझं पण तेच. तीन एक सात चार दोन.”

“अगदी शेवटच्या आकड्यापर्यंत! नामदेव, जागा तुझी. सोमवारी ये.” सर मोटारीकडे निघालेसुद्धा.

आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन. नामदेवला रडू यायचंच बाकी होतं. कागद आवरताना त्याच्या हाताला ते चार आकडी कोष्टक लागलं, आणि हात तिथेच थांबला. एवढ्या लांबलचक गणितात या कोष्टकाने शेवटचे आकडे घसरणारच. सरूचं उत्तर त्याच्या जवळपास येऊ शकलं असतं. तंतोतंत येणं शक्यच नव्हतं.

“सरू, तुझं खरं किती आलं गो?”

“शून्य,” ती कुजबुजली. “माझंच चुकलं असंल. तू आता गप ऱ्हा रे दादा. सर चालले.”

तिचं चुकलं असेल, नाहीतर त्याचं. गप्प बसला तर कुणाला कळणारही नव्हतं. आता तोंड उघडणं म्हणजे हात दाखवून अवलक्षण. त्याला सरूचा राग आला, आणि तिची मायाही आली. बाहेर मोटार हलली.

नामदेव अनवाणी धावला. मोटारीच्या टपावर हात आपटत ओरडला, “सर, थांबा! आमचं उत्तर फारच जुळलंय!”