दूधबहीण

"बहीण आहे ना? मग तिलाही घेऊन या," डॉक्टर आगटे म्हणाले आणि अकबरने मान डोलावली. डोलावल्यावर लक्षात आलं, घोटाळा झाला.

डॉक्टरांनी सगळं सोपं करून सांगितलं होतं. अकबरच्या शरीरात एक एन्झाइम जन्मापासून तयारच होत नव्हतं. त्यामुळे एक प्रकारची चरबी साचत गेली आणि साठीपर्यंत हृदयाच्या भिंती जाड झाल्या. सदाशिव पेठेतल्या त्या सेंटरच्या एमआरआयमध्ये ती चरबी निळी दिसत होती.

"हा आजार शेजाऱ्याकडून लागत नाही. रक्तातूनच येतो, तुम्हाला आईकडून आला," डॉक्टर म्हणाले. "इतक्या वर्षांत माझ्याकडे आलेले तुम्ही दुसरेच. मान घ्यायचा तर घ्या. आईची आणखी मुलं?"

आणि अकबर सवयीने बोलून गेला, "एक बहीण आहे. मेहरुन."

मेहरुन सख्खी नव्हती. गंज पेठेत शेजारी राहणाऱ्या सकीनाची ती मुलगी. वैशाखात अकबरच्या तळपायांची आग व्हायची. गल्लीतली पोरं उन्हात हुंदडायची आणि हा ओट्यावर बादलीत पाय बुडवून बसायचा. सोबतीला मेहरुनही पाय बुडवून बसायची. जे काही सुरू झालं ते त्या बादलीतच.

पुढे तिच्या लग्नाचं निघालं, तेव्हा अकबरने आपल्या अम्मीला, सुगराबीला, सांगून टाकलं की करीन तर हिच्याशीच. सुगराबीच्या हातातली चाळणी खाली पडली. मग तिने जे सांगितलं ते गल्लीत कुणालाच ठाऊक नव्हतं. सकीना सोलापूरहून, माहेराहून, बाळ घेऊन आली, पण तिला दूध उतरेना. सुगराबीही तिच्यासोबत तिकडेच बाळंत झाली होती, पण तिचं बाळ जन्मताच गेलेलं. तिने मेहरुनला गुपचूप पदराखाली घेतलं. एका बाईचं दूध प्यायलेली मुलं भावंडं, त्यांचा निकाह होत नाही.

"खोटं," अकबर म्हणाला.

सुगराबीने कुराणावर हात ठेवला. "दोघंही माझं दूध प्यायला आहात."

मेहरुन रियाजशी लग्न करून शहराबाहेर, मांजरी गावाला गेली. अकबर सायकलींचं दुकान चालवत राहिला आणि एकटाच राहिला. चारचौघांत तो तिला बहीण म्हणू लागला, कारण तेवढ्या नात्यावर ईदेला तिच्या दारात तरी जाता यायचं. अम्मीला ती सून म्हणून नको होती, म्हणून तिने हे दुधाचं रचलं, असं त्याला कायम वाटत आलं. अम्मी गेली, सकीना गेली, गेल्या वर्षी रियाजही गेला. ओढ मात्र होती तिथेच होती. या वयात ती कुणाला दाखवायची सोयही नव्हती.

फोनवर मेहरुन हसली. "मला कशाला मशीनमध्ये घालताय? सख्खी नाही म्हणून सांगा ना डॉक्टरांना."

"सांगेन. आधी ये तर. नाहीतरी जिना चढताना तुला दम लागतोच."

"वय झालं, अकबरभाई. आता दम नाही लागणार तर कधी लागणार?"

त्याने डॉक्टरांना काही सांगितलं नाही. तेवढाच एक दिवस तिच्यासोबत जाईल, हे एक. आणि दुसरं असं की निदान एखाद्या मशीनने तरी म्हणावं, ही तुझी कुणी लागत नाही.

ती आली, ठरल्या वेळेच्या आधीच. तपासणी उरकून बाहेरच्या बाकावर येऊन बसली आणि पिशवीतून थर्मास काढला.

"आत नुसती खटखट. श्वास धरा, श्वास सोडा. जीव मेटाकुटीला आला. घ्या, चहा घ्या."

अकबरने कप हातात घेतला, पण प्यायला नाही. "मी मौलवींना विचारलं, मेहरुन."

"काय?"

"एकट्या बाईच्या सांगण्यावरून दुधाचं नातं पक्कं होत नाही म्हणाले. साक्षीदार लागतात. आपल्या वेळी होतं कोण? एकटी अम्मी."

मेहरुनने दाराकडे पाहिलं. आत डॉक्टर चित्रं बघत बसले होते.

"तिकडे तू एकटी, इकडे मी एकटा," अकबर म्हणाला. "निकाह करशील माझ्याशी?"

"आता? लोक हसतील."

"हसू देत. रडून झालंय आपलं."

तिने थर्मासचं झाकण घट्ट लावलं. "तुमची अम्मी खोटं बोलली असेल? कुराणावर हात ठेवून?"

"दुसरं काय?"

"मलाही तसंच वाटायचं," ती हळूच म्हणाली. "पण माझ्या तोंडून कसं निघणार? गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. रियाज चांगले होते हो. पण दर ईदेला मी आधी दाराकडे बघायचे."

इतक्या वर्षांत हे अकबरला एकदाही कुणी सांगितलं नव्हतं. आनंदाने त्याने निवलेला चहा एका घोटात संपवला.

नर्सने नाव पुकारलं. मेहरुन उठली, पदर सारखा केला. "चला. हो म्हणते मी," ती म्हणाली. "भाई म्हणायची सवय मोडायला मात्र वेळ लागेल."

दोघं आत गेली. अकबरने मनाशी वाक्य जुळवलं होतं: डॉक्टरसाहेब, एक चूक झाली, या माझ्या बहीण नाहीत. त्याने तोंड उघडलं, पण डॉक्टर आगटे आधीच स्क्रीन त्यांच्याकडे वळवत होते. स्क्रीनवर दोन हृदयं शेजारी शेजारी होती.

"डावीकडचं तुमचं, उजवीकडचं यांचं," डॉक्टर म्हणाले. "तीच जाड भिंत, तोच निळा रंग. अहो, असे पांढरेफटक काय पडताय? बरं झालं यांना वेळेत आणलंत. आईने दोन्ही लेकरांना अगदी सारखं दिलंय."