जावयाच्या बोटीची जागा

अमळनेरला रेल्वेची तिकिटं काढून देणाऱ्या खाजाला तुर्कस्तानातून जावयाचा फोन आला. जुनैदने तिकडे शिडाची बोट घेतली होती आणि बायको शाझियाला माहेरी टाकलं होतं. आता बंदरवाले बोट हाकलायला उठले होते. “अब्बा, इथे शेजारच्या बंदरात तुमचा दोस्त आहे. वर्षभर बोट बांधायला स्वस्तातला बर्थ मिळवून द्या, नाहीतर जप्त होईल.” खाजा गालात हसला. संध्याकाळी त्याने कळवलं, “बर्थ पक्का शे, जावईबापू.” सोबत पाठवलेलं तिकीट पाहताच जुनैदचा फोन खणखणला. “मुंबई ते अमळनेर, रेल्वेचा लोअर बर्थ? म्हातारपणी अक्कल विकली का?” “बोटीला जागा शोधतोस आणि बायको वाऱ्यावर? गुपचूप घरी ये.” जुनैद शिव्या देत राहिला, खाजा स्पीकर लावून मजा घेत राहिला. शाझिया पिठाच्या हातांनी पुढे आली. “अब्बा, तिकीट रद्द करा. बोटीला जागा मिळवा.” “वर्षभराची?” खाजाने विचारलं. “कायमची.”