ओला कचरा

नगरपालिकेच्या विज्ञान-कला शाळेतलं प्रदर्शन उरकलं. मुलांनी आपल्याच गालाच्या पेशींपासून कातडी वाढवून, ती चौकटींवर ताणून चित्रं रंगवली होती. पालकांनी चित्रांसोबत हौसेनं फोटो काढले, पण कुबट वासाची ती चित्रं एकानंही घरी नेली नाहीत.

“कातडी ओल्या कचऱ्यात, चौकटी सुक्यात,” विज्ञानाचे ठिगळे सर म्हणाले. वर्गीकरण म्हणजे त्यांचा धर्मच.

चित्रकलेच्या मृणालबाईंनी एका चित्रावरून बोट फिरवलं. “सर, या कातड्यांना दुखत असेल का हो?”

“छे! गुण देऊन झाले की.”

बाईंनी इरावतीनं रंगवलेल्या फुलपाखराचा पहिला खिळा उपटला. चौकटीवरच्या कातडीवर सर्रकन काटा आला.

सरांनी ती ओढून बादलीत टाकली. “झाकण लावा, बाई. माश्या येतात.”