अधिकृत कॅचर

"फॅन लोकांनी बनवलेल्या याद्या म्हणजे निव्वळ टाइमपास," तो सोफ्यावर रेलून म्हणाला. मला बघायला आलेला हा मुलगा बेसबॉलचा व्हिडिओ गेम बनवणाऱ्या कंपनीत होता. गेममधल्या खेळाडूंची अधिकृत यादी तोच करतो, हे त्याच्या आईनं आल्याआल्याच सांगून टाकलं होतं.

त्याच गेमसाठी मीही हौसेनं खेळाडूंची यादी, त्यांच्या चेहऱ्यांसकट, बनवून नेटवर टाकायचे. "माझी यादी तुमच्याआधी येते," मी म्हणाले. "आणि चुकाही कमी असतात."

"घरबसल्या अंदाज ठोकायचे, त्यात काय! आम्ही प्रत्येक खेळाडूचा चेहरा अमेरिकेत स्कॅन करून आणतो. जमेल तुम्हाला?" त्याची आई हसली. माझी आई माझ्यावरच डोळे वटारत होती.

मी टीव्हीवर गेम लावला आणि त्याची कालच आलेली यादी उघडली. राखीव खेळाडूंत मला हवा तो कॅचर, म्हणजे बेसबॉलमधला विकेटकीपर, सापडला. भुवई मधोमध तुटलेली, एक कान पुढं आलेला.

"याचाही चेहरा स्कॅन केलाय?"

"अर्थात. मी स्वतः तपासलाय."

असा खेळाडू अमेरिकेत कुठंच नाही. माझी यादी कोण चोरतं ते कळावं म्हणून मीच तो बनवून तिच्यात घुसवला होता.

"दादा, पोहे आण रे," मी हाक मारली.

दादा ट्रे घेऊन बाहेर आला. तीच तुटकी भुवई, तोच कान. मुलाच्या आईनं टीव्हीकडं बघितलं, मग दादाकडं, मग आपल्या मुलाकडं.

मी बशी त्याच्यापुढं धरली. "लाजू नका, घ्या. आमच्या घरचं न विचारता घ्यायची सवय आहे तुम्हाला."