पेपरमिंटची गोळी

आईने रुमालाची गाठ सोडली आणि रुमाल बाईंच्या टेबलावर पसरला. आत पांढऱ्या गोळ्या होत्या, अर्धवट विरघळून पुन्हा वाळलेल्या.

"पोरीच्या कंपासपेटीत सापडल्या," ती म्हणाली. "घेतलीस का विचारलं की मान डोलावते. आणि इथे हा खजिना!"

वर्गशिक्षिका बाईंनी एक गोळी उचलली आणि लगेच खाली ठेवली.

शाळेने काही कमी केलं नव्हतं. डॉक्टरांची चिठ्ठी घेतली होती, गोळ्या ऑफिसच्या कपाटात कुलूपबंद होत्या, आणि मधल्या सुट्टीत बाई स्वतः काढून देत. पण गोळी हातात देणं वेगळं आणि पोटात जाणं वेगळं. मिरची ती गालात दाबायची, पाणी प्यायची आणि पाठ वळली की बाहेर काढायची. तिचं खरं नाव हजेरीपुरतं होतं. जीभ अशी तिखट की घरीदारी सगळे मिरचीच म्हणत.

"मुलं चिडवतात तिला," बाई म्हणाल्या. "वर्गात फिट येऊन पडली ना, तेव्हापासून."

"चिडवू देत हो! पण जिन्यात पडली तर? डोकं आपटलं तर? मी पडदे शिवते, पण डोळ्यांसमोर सतत तेच. सुई बोटात घुसते तरी कळत नाही. ओरडून झालं, लाडीगोडी लावून झाली. पालथ्या घड्यावर पाणी."

बाईंनी खुर्चीला अडकवलेली पर्स मांडीवर ओढून घेतली.

"मी तिला सांगते, मलाही हाच आजार आहे," त्या म्हणाल्या. "रोज तिच्यासमोर मीही गोळी घेते. एकटीला लाज वाटते, दोघी असलो की नाही वाटणार."

"आणि तुम्ही गोळी कसली घेणार?"

"पेपरमिंट! खडूने घसा बसतो, ड्रॉवरमध्ये असतेच माझ्या." बाई हसल्या. "फक्त तुम्ही फुटू नका."

आई कसली फुटतेय! देव पावला म्हणत ती घरी गेली.

सुरुवातीला थोडी धाकधूक होती, पण लवकरच मिरची ताळ्यावर आली. नुसती ताळ्यावर नाही, उलट बाईंवरच पहारा ठेवू लागली. मधल्या सुट्टीत वर्ग रिकामा झाला की म्हणायची, "आ करा. जीभ वर. आता गाल दाखवा." आणि बाई मुकाट्याने आ करायच्या. चोराच्याच हाती किल्ल्या, असं आई हसून म्हणायची.

एकदा बाई सर्दीने घरी राहिल्या. मिरचीने आईला फोन लावायला लावला. "विचार, गोळी घेतली का?" आईने हसू दाबत विचारलं.

"घेतली म्हणावं, घेतली," पलीकडून बाई म्हणाल्या.

वर्ष संपलं तरी मिरचीला पुन्हा फिट आली नाही. डॉक्टर खूश झाले. आईला रात्रीची झोप लागू लागली.

मग निकाल लागला आणि घोर परत आला. वरचा वर्ग दुसऱ्या इमारतीत होता. तिथले सर गोळी देणार होते, पण सोबत पेपरमिंट थोडीच खाणार होते? नाटक संपलं की पोरगी पुन्हा कंपासपेटी भरायला लागेल, या भीतीने आईचा जीव टांगणीला लागला. शेवटी तिने शिलाई मशीन थांबवलं आणि मिरचीला जवळ बोलावलं.

"बाईंना काही आजारबिजार नाही गं. तुला धीर यावा म्हणून त्या पेपरमिंट खायच्या. मलाही ठाऊक होतं. फसवलं आम्ही तुला. चिडू नकोस, पण आता एकटीने घेशील ना? मला खरं खरं सांग."

मिरची चिडली नाही. तिने आधी दार लोटून घेतलं.

"पेपरमिंट पहिल्या आठवड्यात होती, आई. वास यायचा. मी काय बावळट आहे? मी पण थुंकतच होते."

"मग?"

"मग एकदा रिकाम्या वर्गात बाई पडल्या. माझ्यासारख्याच. तू शिकवलंस तसं मी त्यांना कुशीवर वळवलं." मिरचीचा आवाज बारीक झाला. "त्यांच्या खऱ्या गोळ्या पर्समध्येच होत्या. दुपारची घेतच नव्हत्या. कुणी पाहिलं तर वर्ग काढून घेतील म्हणे. मी म्हटलं, कुणाला सांगत नाही, पण रोज माझ्यासमोर घ्यायची. तर म्हणाल्या, तू खरी घेतलीस तरच. माझी मी घेईन गं, आई. पण आता बाईंचं तोंड कोण तपासणार?"