मंजुश्रीची सातवी फेरी

"मामाजी, तुम्ही बसा ना इथंच सावलीत. मी येते फेडून," म्हणत मंजुश्रीनं चपला काढून पिशवीत टाकल्या.

"दरसाल येतो, मंग यंदाच काऊन नको?" वामनरावांनी काठी उचलली आणि सुनेच्या मागोमाग ते लोणारच्या कड्यावरच्या पायवाटेला लागले.

दसऱ्याचा दुसरा दिवस. मेहकरहून पहिल्या एसटीनं दोघं आले होते. खाली खोल तळ्याचं हिरवं पाणी निपचित पडलं होतं आणि त्याचा उग्र खारा वास वरपर्यंत येत होता. काठच्या झाडीत कमळजादेवीचं देऊळ. कड्यावरून तळ्याला पूर्ण फेरी घालायची, मग खाली उतरून देवीला नारळ फोडायचा, असा मंजुश्रीचा नेम. ही सातवी फेरी होती.

नवस कशाचा, हे तिनं कधी कुणाला सांगितलं नाही. नवस असा बोलून दाखवायचा नसतोच. पण गावाला सांगावं थोडंच लागतं! नवरा घर सोडून गेलेली बाई अनवाणी चालते, म्हणजे कशासाठी, हे गावानं आपसूक ठरवून टाकलं. बाया आपल्या सुनांना तिचा दाखला देत. वामनरावांना तो दाखला ऐकवत नसे.

कारण रवी, त्यांचा मुलगा, गेला तो त्यांच्या तोंडामुळे. सात वर्षांपूर्वी दसऱ्याला तो दारू पिऊन आला आणि वामनरावांनी चारचौघांत त्याला सुनावलं, "पुन्हा तोंड नको दाखवू मले." सकाळी त्याचं अंथरूण रिकामं होतं. आपल्या एका वाक्यानं पोरीचा संसार मोडला, हे त्यांच्या मनातून कधी गेलं नाही.

पण त्याहून वाईट गोष्ट दोन वर्षांपूर्वी घडली होती. रवीचा सुरतेहून फोन आला. साड्यांच्या कारखान्यात होता, बरा होता. "बाबा, मंजूले सांगू नका. मले तोंड नाही," म्हणाला. आणि वामनरावांनी खरंच सांगितलं नाही. त्याच्या शब्दासाठी नाही सांगितलं, असं ते स्वतःला समजावत. खरं कारण त्यांना ठाऊक होतं. सांगितलं असतं तर सून माहेरी, धाड गावाला, निघून गेली असती, नाहीतर सुरतेला. मग या म्हाताऱ्याला भाकर कोण घालणार?

दोन वर्षं ते सगळं जाणून तिच्या मागून चालले होते. तिच्या टाचेत काटा मोडला की वाकून तो तेच काढत.

आज मात्र ते सगळं संपणार होतं. गेल्या आठवड्यात रवी फोनवर म्हणाला, "दारू सुटली बाबा. येऊ का घरी?" वामनरावांनी त्याला थेट इथंच बोलावलं. फेरी जिथं सुरू होते तिथल्या बाकावर बारा वाजता बसून राहा, म्हणाले. फेरी पुरी होईल आणि समोर नवरा उभा असेल. तिच्या सात वर्षांच्या कष्टाचं एवढं तरी फळ आपल्या हातून मिळावं, एवढीच त्यांची इच्छा होती.

अर्ध्या वाटेवर दोघं बाभळीखाली टेकले. मंजुश्रीनं पाण्याची बाटली पुढं केली आणि वामनरावांनी झाकण फिरवून दिलं. सवयीचंच होतं ते. तिचा उजवा हात मनगटातून वळत नसे. लग्नाच्या तिसऱ्या वर्षी न्हाणीत पाय घसरला होता म्हणे. हाड बसवायला वामनरावच घेऊन गेले होते. रस्ताभर ती बोलली नव्हती, यांनीही फार विचारलं नव्हतं.

आज ती खुशीत होती. वाटेत मिळालेलं सीताफळ फोडून तिनं त्यांना अर्धं दिलं. "तुमच्यासारखा सासरा नाही भेटत मामाजी," म्हणाली. वामनरावांनी आपलं अर्धं तसंच बाजूला ठेवलं.

शेवटच्या वळणाअलीकडं त्यांचा धीर सुटला. तो तिला समोर एकदम दिसण्याआधी आपण कबूल करावं, एवढं तरी आपण तिचं देणं लागतो.

"पोरी, थांब जराशी. मी तुह्यापासून लपवलं. रवी जिता हाय. दोन वर्सापासून मले फोन करते."

मंजुश्री थांबली. तिनं वळून पाहिलं नाही.

"मी पापी हाय. तू अशी पाय फोडत हिंडली आन् मी गप राह्यलो. तुले जे बोलायचं ते बोल. पण तुहा नवस पावला, पोरी. तो येऊन राह्यला."

"कवा?"

"आला. तो पाह्य, बाकावर. मीच बोलावलं."

वळणापलीकडं, लांब, पांढऱ्या शर्टातला एक माणूस बाकावरून उठला आणि त्यानं हात वर केला. मंजुश्रीचे खांदे थरथरू लागले. रडू दे, वामनरावांनी मनात म्हटलं, सात वर्षांचं आहे. त्यांनी तिच्या पाठीवर हात ठेवला.

तिनं पदरानं तोंड पुसलं. दोन पावलं मागं सरून ती त्यांच्या आडोशाला उभी राहिली, आणि त्यांची बाही डाव्या हातानं घट्ट धरून हळू आवाजात म्हणाली, "मामाजी, नवस पावल्यावर फेडतेत. वर्सभर तो घरी आला नाही, का मी देवीले एक फेरी देत होती."