कोड वाचा

उत्तर एका ओळीचं होतं : ‘कोड वाचा.’

रणजीत राठोड स्क्रीनकडे बघतच राहिला. महिनाभर वाट पाहून हाती काय, तर हे! तो हिंगोलीच्या एका कॉलेजात गणित शिकवायचा. जगभरातल्या हौशी लोकांनी मिळून केलेलं गणिताचं एक फुकट सॉफ्टवेअर त्याला सापडलं होतं. मोठी समीकरणं दिली की ते अडायचं, आणि ते दुरुस्त करायचंच असं त्याने मनावर घेतलं होतं. आतला सगळा कोड उघडा होता. पण कुठला तुकडा काय करतो, हे सांगणारी एक ओळ कुणी लिहिलेली नव्हती; म्हणून त्याने ते करणाऱ्यांनाच मेल करून विचारलं होतं. दार सताड उघडं आणि घरात दिवा नाही, अशी तऱ्हा.

कॉलेजात हे बोलावं असं कुणी नव्हतं. त्याच्या बंजारा तांड्यावर तर कॉम्प्युटर म्हणजे रेल्वेचं रिझर्वेशन.

मग तो कोडच वाचू लागला. कॉलेज सुटलं की पुनमचंदच्या नेट कॅफेतली कोपऱ्यातली खुर्ची धरायची. जे उमगेल ते तो कोडातच बाजूला लिहून ठेवायचा. त्याच्या इंग्रजीची त्या सॉफ्टवेअरवाल्यांतल्या एकाने टिंगल केली होती, म्हणून टिपणं गोरमाटीत, तांड्याच्या बोलीत. अक्षरं तेवढी इंग्रजी. वाचणार होतं कोण?

लिहिताना त्याचे ओठ हलायचे. पुनमचंदने एकदा विचारलं, “सर, कोणाशी बोलून राहिले?”

“कोणाशीच न्हाई,” रणजीत म्हणाला. म्हणताना त्याला फार एकटं वाटलं.

वर्षभराने दुरुस्ती जमली. आनंदाच्या भरात त्याने फाइल पाठवून दिली आणि टिपणं काढायची राहूनच गेली. लक्षात आलं तेव्हा मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण तिकडच्या शहाण्यांनीही टिपणं न वाचताच फाइल सॉफ्टवेअरमध्ये घातली. चालतंय ना, झालं तर! ‘मिळाली’ एवढंही कुणी कळवलं नाही. रणजीतचं कॅफेत जाणं कमी झालं.

पोळा झाल्यावर एका दुपारी तो सहज डोकावला. अनोळखी नावाने मेल आला होता. बोलणी खायची तयारी ठेवून त्याने तो उघडला. गुलबर्ग्याकडचा कुणी रूपसिंग होता. तोही त्याच कोडापाशी अडला होता, त्यालाही सगळ्यांनी ‘कोड वाचा’ म्हणूनच वाटेला लावलं होतं. त्याने तो वाचला होता, टिपणांसकट. मेल सगळाच्या सगळा गोरमाटीत होता.

रणजीतचे ओठ हलू लागले. सुरुवातीलाच रूपसिंगने, आपलं माणूस पहिल्यांदा भेटलं की विचारतात, तेच विचारलं होतं :

‘भाऊ, तांडा कोणता तुमचा?’